हिरण्यकेशीच्या उगमापाशी

गडहिंग्लज आणि आजरा या दोन्ही गावांना पाणी देणारी नदी एकच, हिरण्यकेशी. उन्हाळ्यात ती पायाखाली आटते आणि मृग निघाला की एका रात्रीत तांबडी होऊन वाहू लागते. तेव्हा घराघरांतून एकच वाक्य ऐकू येते, "वर आंबोलीत पाऊस झाला." आमच्या वर्गातल्या मुलांना कृष्णेचा उगम विचारला तर ती चटकन महाबळेश्वर म्हणतात. पण ज्या नदीचे पाणी ती रोज पितात, तिचा उगम घरापासून दीड-दोन तासांवर आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. आंबोली म्हणजे धबधबा, भजी आणि धुके एवढेच त्यांना माहीत.

त्याच आंबोलीत काही जीव असे आहेत की ते साऱ्या पृथ्वीवर तिथेच राहतात. कोकणात उतरले तर नाहीत आणि देशावर आले तरी नाहीत. शास्त्रज्ञ अशा जीवांना प्रदेशनिष्ठ म्हणतात. हत्ती किंवा कावळा अनेक देशांत सापडतो. हे जीव मात्र एखाद्या पठाराला किंवा एखाद्या ओढ्याला बांधलेले असतात. त्यांचे ते घर पाहावे म्हणून 2024 च्या बकरी ईदनंतरच्या शनिवारी आम्ही चार कुटुंबे दोन गाड्यांतून निघालो. लहान मुले नऊ, मोठी माणसे दहा, आणि डब्यांत शामी कबाब व चपात्या.

आजऱ्यापर्यंत रस्ता ओळखीचा. दोन्ही बाजूंना काजूच्या बागा आणि सुवासिक घनसाळ भाताची खाचरे, त्यांत पेरणीची लगबग. आजरा मागे पडले की हवा बदलते. झाडे जवळ येतात, आभाळ खाली येते आणि गाडीच्या काचा आतून धूसर होतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कडेवर वसले आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे पडतो. समुद्रावरून आलेले ढग या कड्याला थडकतात आणि बरेचसे रिकामे होऊनच पुढे जातात. गावातून पश्चिमेला दरीत पडणारे पाणी तळकोकणातून अरबी समुद्राला जाते. पूर्वेच्या उतारावर पडणारे पाणी हिरण्यकेशी होऊन आजरा, गडहिंग्लज करत बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच सरीचे दोन थेंब, एक पूर्वेच्या समुद्राला आणि एक पश्चिमेच्या. मुलांनी हे भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते. इथे त्यांनी ते पायाखाली पाहिले.

दुपार ओलांडल्यावर गावातला एक तरुण वाटाड्या म्हणून आमच्याबरोबर आला. त्याने आम्हाला धबधब्याच्या गर्दीकडे नेले नाही. तो सड्यावर घेऊन गेला. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. कडेला दाट जंगल आणि मध्ये काळपट तांबडा, छिद्राछिद्रांचा दगड. उन्हाळ्यात इथे गवताची काडी नसते, म्हणून परक्या माणसाला हे पडीक रान वाटते. जमीन पाहायला येणारे तर हमखास म्हणतात की इथे काहीच नाही, बांधकामाला बरी आहे. पहिल्या पावसानंतर मात्र या दगडातल्या खळग्यांत पाणी साचते. कुठे परातीएवढे, कुठे वाटीएवढे. वाटाड्याने सगळ्यांना थांबवले, हळू चालायला सांगितले आणि पाऊल टाकण्याआधी दगड पाहा म्हणाला.

मगरिबची वेळ होत आली होती. आमच्या मामूंनी त्याला विचारले, "बेटा, इथल्या पाण्यानं वुजू केलं तर चालेल का?" तो खाली वाकून म्हणाला, "चाचा, ह्या डबक्यात नको. हेच्यात अंडी आसत." सगळी मुले गोळा झाली. हातभर रुंद, चार बोटे खोल पाणी. त्यात तळाला चिकटलेले काळे ठिपके. मामूंनी गाडीतली पाण्याची बाटली मागवली आणि त्या एका बाटलीत दोघांनी वुजू केले. वाहत्या नदीच्या काठीही वुजूला जास्त पाणी घेऊ नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मदरशात पाठ करतो. त्या संध्याकाळी मुलांना ती डोळ्यांनी दिसली.

नमाज झाली आणि अंधार पडता पडता दगडांतून आवाज सुरू झाले. त्या आवाजाचा मालक म्हणजे आंबोली टोड. टोड हा खरखरीत कातडीचा बेडूक. हा तर अंगठ्याच्या पेराहून थोडासाच मोठा. रंग सोनेरी तपकिरी आणि अंगाच्या बाजूला वाघासारखे पट्टे, म्हणून त्याचे शास्त्रीय नाव झँथोफ्रायनी टायग्रीना. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये त्याची नवी जाती म्हणून नोंद केली. म्हणजे आमचे आजोबा, पणजोबा याच रस्त्याने बैलगाडीतून कोकणात उतरत होते तेव्हाही तो इथे ओरडत होता. त्याला नाव मात्र कालपरवा मिळाले. नाव मिळाल्यावर लगेच जागतिक यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. वाघापेक्षाही वरच्या धोक्याची ही पायरी.

हा दुसरीकडे का नाही? वाटाड्याने आपल्या परीने सांगितले आणि शाळेतले विज्ञान आम्ही त्याला जोडले. बेडकाचे कातडे ओले राहावे लागते, कारण तो कातड्यातूनही श्वास घेतो. कोरडी जमीन ओलांडणे त्याला जमत नाही. आंबोली टोडला तर केवळ ओलावा पुरत नाही. त्याला अंडी घालायला जांभ्या दगडातले उथळ पाणी हवे, जिथे त्याची अंडी खाणारे मासे पोहोचत नाहीत. शेजारी लपायला दगड आणि झाडोरा हवा. पाऊस असा हवा की पाणी साचेल आणि पिल्ले पाण्याबाहेर पडेपर्यंत टिकेल. मध्येच आठ दिवस उघडीप पडली तर डबके आटते आणि त्यातली पिढी संपते. एवढ्या अटी एकत्र जुळतात अशा जागा थोड्या. आपल्याला सह्याद्री एक सलग भिंत दिसते. या प्राण्याच्या नजरेने पाहिले तर ती छोट्या छोट्या बेटांची माळ आहे आणि दोन बेटांमधल्या दऱ्या हाच त्याचा समुद्र.

याचा सख्खा भाऊ शोभावा असा दुसरा टोड आहे, कोयना टोड. त्याची नोंद 1963 मध्ये कोयनेच्या परिसरातून झाली. या दोघांचे मिळून एक वेगळे कूळ मानले जाते आणि ते सह्याद्रीच्या आपल्या महाराष्ट्रातल्या भागातच आहे. दीर्घ काळ दूर दूर राहून दोन भाऊ वेगळे झाले, एकाचे दोन झाले. अल्लाहने एकेका पठारासाठी वेगळा जीव घडवावा आणि त्याला त्याचे रिझ्क त्या वाटीभर पाण्यात द्यावे! आमच्या अम्मीजानच्या तोंडून आपसूक "सुब्हानल्लाह" निघाले.

परतताना मुख्य रस्ता लागला तेव्हा वाटाड्याने गाड्या अगदी सावकाश चालवायला सांगितल्या. हेडलाइटच्या उजेडात डांबरावर लहान लहान जीव उड्या मारताना दिसत होते. काही उड्या मारत नव्हते. ते चपटे होऊन रस्त्याला चिकटले होते. पहिल्या पावसात नर-माद्या लपणीतून बाहेर पडतात, डबक्याकडे जाताना रस्ता आडवा येतो आणि नेमक्या त्याच दिवसांत पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. वरून मुसळधार पाऊस, गाडीत गाणी, कुणाला काय दिसणार? कुणी मुद्दाम मारत नाही. दुसरीकडे कुठे हा जीव असता तर चार मेल्याने बिघडले नसते. याची सगळी उम्मत एवढ्याशा पठारावर आहे. रस्त्यावर मेलेली प्रत्येक मादी ही त्या वर्षीच्या मोजक्या अंड्यांचा शेवट.

2023 आणि 2024 मध्ये बकरी ईद जूनमध्ये आली. 2023 मध्ये 29 जूनला, 2024 मध्ये 17 जूनला. बासी ईदेला किंवा पुढच्या सुट्टीला आपल्या भागातून आंबोलीला गाड्या निघतात, हे आपण सगळे जाणतो. ईदचा आनंद घरच्यांबरोबर साजरा करावा, बालबच्च्यांना पाऊस दाखवावा, यात गैर काही नाही. पण योगायोगाने त्या वर्षांत आपल्या आनंदाचे दिवस आणि या प्राण्याच्या वर्षातले ते मोजके दिवस एकत्र आले होते.

गाडीत मागे बसलेली आमच्या आपाची मुलगी म्हणाली, "खालू, हे तर सूरह नम्लसारखं झालं." नम्ल म्हणजे मुंगी. हजरत सुलैमान (अ.) यांचे लष्कर मुंग्यांच्या खोऱ्यात आले. तेव्हा एका मुंगीने आपल्या बहिणींना घरांत शिरायला सांगितले, नाहीतर सुलैमान आणि त्यांचे सैन्य नकळत आपल्याला चिरडेल. हजरत सुलैमान (अ.) यांना ते ऐकू आले. ते हसले आणि त्यांनी अल्लाहचे आभार मानले. हा किस्सा आपण मुलांना लहानपणीच सांगतो. त्यातला एक शब्द मात्र मोठ्यांनी लक्षात घेण्यासारखा आहे, नकळत. मुंगीने पैगंबरांवर जुलमाचा आरोप केला नाही. त्यांना आपण दिसणार नाही, एवढेच ती म्हणाली. बादशहाचे मोठेपण हे की त्याला तिचे बोलणे ऐकू आले. आपल्याला मुंगीची किंवा बेडकाची भाषा येत नाही. पण शास्त्रज्ञांनी ती आपल्यासाठी वाचून ठेवली आहे. हा इथेच राहतो, या दिवसांत बाहेर पडतो, हे आता माहीत झाले आहे. माहीत झाल्यावर नकळत ही सबब उरत नाही.

बेडकाबद्दल तर आपल्याकडे स्पष्ट शिकवण आहे. एका वैद्याने औषधासाठी बेडूक वापरण्याविषयी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला मारण्यास मनाई केली, असे हदीसमध्ये येते. औषधासारख्या गरजेसाठीही जिथे मनाई, तिथे भरधाव गाडीची काय कथा!

रविवारी सकाळी आम्ही हिरण्यकेशीच्या उगमाकडे गेलो. गावापासून चार-पाच किलोमीटरवर, दाट झाडीत एक गुहा आहे. गुहेतून पाणी बाहेर येते, समोर कुंड आहे आणि तिथेच महादेवाचे मंदिर आहे. आम्ही बाहेरच्या पायऱ्यांपाशी चपला काढून बाजूला उभे राहिलो. मंदिरात आलेल्या एका आजोबांनी "कुठनं आला?" विचारले. गडहिंग्लज म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आमचंच पाणी पिता की!" मुलांना हे फार आवडले.

या कुंडाच्या आणि ओढ्याच्या पाण्यात एक मासा आहे. 2020 मध्ये जे. प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि एस. बालसुब्रमण्यम यांनी त्याची नोंद केली आणि नदीचेच नाव त्याला दिले, शिस्तुरा हिरण्यकेशी. बोटाएवढासुद्धा नसलेला, तळाच्या खड्यांत राहणारा रंगीत मासा. त्याला स्वच्छ, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाण्यात तळाशी काही चपळ सावल्या हलताना आम्हाला दिसल्या. त्यातला तोच कोणता, हे ओळखायला पाण्यात उतरावे लागले असते. कुणी उतरले नाही.

हा मासा सापडल्यावर पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, महाराष्ट्र शासनाने 2002 च्या जैविक विविधता कायद्याखाली ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र किती? 2.11 हेक्टर, म्हणजे सव्वापाच एकर. आपल्याकडे एखाद्या मध्यम शेतकऱ्याचे रान एवढे असते. अभयारण्य म्हटले की शेकडो चौरस किलोमीटर, गावांचे पुनर्वसन, भांडणे, कोर्ट असे चित्र डोळ्यांपुढे येते. अशा एका जागी राहणाऱ्या जिवासाठी मात्र पाच एकरही पुष्कळ असतात, फक्त ते पाच एकर तेच असावे लागतात. दुसरीकडे पन्नास एकर झाडे लावून या माशाची भरपाई होत नाही.

देवस्थानाच्या आसऱ्याने इथले पाणी आणि झाडी टिकली, हे उघड आहे. आपली श्रद्धा वेगळी आहे. पण एखादी जागा ठरवून राखायची, तिथले झाड तोडायचे नाही, तिथली शिकार करायची नाही, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. प्रेषितांनी (स.) मदिन्याच्या हद्दीला हरम ठरवले आणि तिथली झाडे तोडण्यास व शिकार करण्यास मनाई केली. अरबस्तानात राखीव कुरणांना हिमा म्हणतात आणि ती परंपरा शतकानुशतके चालत आली आहे. हिमा हा शब्द आपल्या पोरांना माहीत हवा. पर्यावरण हा विषय अलीकडे पाठ्यपुस्तकात आला, पण जमिनीची अमानत ही त्याहून कितीतरी जुनी आहे.

परतीच्या वाटेवर आंबोलीतल्या आणखी रहिवाशांची यादी झाली. एक देवगांडूळ आहे, दिसायला गांडूळ पण बेडकाच्या जातकुळीतला, मातीखाली राहणारा. 2003 मध्ये आंबोलीतून त्याची नोंद झाली आणि निसर्ग अभ्यासक जे. सी. डॅनियल यांचे नाव त्याला दिले गेले. खडकांवर दिवसा फिरणारी, गोल बुबुळाची एक छोटी पाल आहे, जिच्या नराचे पोट पिवळे असते. ती 2016 मध्ये जगासमोर आणली ती साताऱ्याचे अमित सय्यद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 2018 मध्ये त्यांनीच आणखी एका पालीला आंबोलीचे नाव दिले. हे आडनाव ऐकताच मागच्या सीटवर एकदम शांतता झाली. सातवीतला एकजण म्हणाला, "म्हणजे आपल्यातले पण पालींवर संशोधन करतात?" दुसऱ्याने लगेच विचारले, "पण पाल मारायला सांगितलंय ना?" अब्बाजान म्हणाले, "तो घरातल्या छिपकलीचा मसला आहे, मौलानांना विचार. ही डोंगरातली, तुझ्या घरी कधी आली होती का?" गाडीत हशा पिकला.

तेव्हा आम्ही मुलांना हुमायून अब्दुलअली यांच्याविषयी सांगितले. मुंबईचे हे पक्षिशास्त्रज्ञ. एके काळी आपल्या देशातून बेडकांचे पाय परदेशी जेवणासाठी पाठवले जात. शेतातली कीड खाणारे बेडूक असे संपले तर शेतीचेच नुकसान, हे त्यांनी अभ्यासाने दाखवले आणि त्याविरुद्ध लिहिले, बोलले. 1987 मध्ये ही निर्यात बंद झाली. त्याआधीच, 1955 मध्ये, सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणाऱ्या एका बेडकाला त्यांचे नाव मिळाले होते, निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. तोही आपल्या पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही. डॉक्टर, इंजिनियर यांच्या पुढे मुलांना आणखी काही होता येते, हे त्यांना अशा नावांमधून कळते. उर्दू माध्यमाच्या शाळेतून मराठीत आणि मराठीतून विज्ञानात जाणारी वाट आहे, चालणारे हवेत.

पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना युनेस्कोने 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान दिला. महाराष्ट्रातली त्यांतली चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. आंबोली त्या यादीत नाही. म्हणून इथे रिसॉर्ट, जांभ्याच्या खाणी, प्लॉट आणि वाढती वाहने यांच्यापुढे जे काही टिकेल ते बरेचसे स्थानिक लोकांच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वागण्यावर टिकेल. आपण त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांत आहोत.

पुढच्या पावसाळ्यात आपल्यापैकी कुणी आंबोलीला जाणार असेल तर चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पावसात अंधार पडल्यावर घाटमाथ्यावरून गाडी चालवू नये आणि चालवावीच लागली तर माणसाच्या चालीने चालवावी. सड्यावर गाडी चढवू नये, दगड उलथवू नयेत, डबक्यात हात-पाय, भांडी, साबण काही घालू नये. बेडूक हातात घेऊन फोटो काढू नये, कारण हाताचे मीठ आणि डास पळवायचे मलम त्याच्या कातड्यातून आत जाते. जेवणाचे उरलेसुरले, हाडे, थर्माकोलच्या पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरून परत आणाव्यात. कुर्बानीच्या गोश्ताची हाडे ओढ्याकाठी पडली तर ते पाणी अखेर आजरा, गडहिंग्लजच्याच नळाला येणार आहे.

आमच्या शाळेत आता भिंतीवर हिरण्यकेशीचा नकाशा लागला आहे, मुलांनीच काढलेला. उगमाजवळ एक मासा, पठारावर एक पट्ट्यांचा बेडूक आणि खाली नदीकाठी आपले गाव. बेडकाच्या शेजारी एका मुलीने उर्दूत आणि मराठीत लिहिले आहे, "सावकाश, इथे कुणीतरी राहते."